गोड्या पाण्यातला जवळा

"वहिनी, माल ताजा आहे, पण पोटात जवळा निघतो," मासे विकत घ्यायला येणारा इक्बाल वजनकाटा आवरता आवरता कुरकुरला. "गिऱ्हाईक विचारतं, हा चिलापी मासा शेडमधला की समुद्रातला? मी काय जवाब देऊ?"

रंभाने शेडभर नजर फिरवली. रोडपालीची पत्र्याची शेड, चार टाक्या, बोअरचं गोडं पाणी, हवेचा पंप आणि खाद्याच्या गोळ्यांच्या गोण्या. समुद्रातला जवळा यायला वाटच नव्हती.

शेड तिच्या नवऱ्याची, बुधाजीची. उरणच्या दर्यावर वाढलेला कोळी पत्र्याखाली मासे पाळतो म्हणून नातेवाइकांनी पोटभर हसून घेतलं होतं. रोज चारला तो टाकीच्या लोखंडी कडेवर अंगठीने तीनदा वाजवायचा, की मासे त्याच्या कोपऱ्यात हजर. नारळी पुनवेनंतर चुलतभावाची होडी घेऊन एकदाच, हौसेने दर्यावर गेला. होडी सापडली. बुधाजी नाही.

चार महिने झाले. अंग मिळत नाही तोवर 'बुडाला' हा शब्द काढायचा नाही, ही सासरची रीत. सासू सोनाबाई रोज त्याचं ताट वाढायची. रंभाच्या हातात हिरवा चुडा तसाच होता.

आता चारच्या सुमारास पहिल्या टाकीतले मासे आपसूक त्या कोपऱ्यात जमत. तिने टाकलेल्या गोळ्या तशाच तरंगत राहत. मासे मात्र फुगत चालले होते. आठवड्यापासून टाकीची कडही आपोआप वाजत होती. न्हावा शेव्याचे कंटेनर जातात, हादरा बसतो, असं तिने स्वतःला समजावलं. हादरा तीनदाच कसा बसतो, हे विचारलं नाही. विचारलं तर आवाज थांबेल, आणि तेवढाच तर उरला होता.

इक्बाल कुरकुरला त्याच दिवशी सोनाबाई शेडमध्ये आली. रंभाने मासा चिरून दाखवला. आत गुलाबी, ओला जवळा. एक अजून हलत होता.

म्हातारीने वास घेतला. "खाऱ्याचा हाय."

चार वाजले. मासे वळले.

टक.

रंभाने बांगड्या मुठीत दाबून धरल्या.

टक.

"आई, काय बोलू नका."

कडेपाशी कुणी नव्हतं. खालची फरशी तेवढी ओली होत होती.

सोनाबाई त्या कोपऱ्याकडे वळली. तान्ह्याला निजवतात तशा आवाजात म्हणाली, "बाला, तू बुडालास रं. आता या माशांना खाया नको आनू."

रंभा तिसऱ्या टकची वाट बघत राहिली.