ऊबडबा

सातपुड्यातल्या त्या प्रसूतिकेंद्रात आता हीटर नव्हता, ऊबडबे होते. बाळांच्या खोलीत जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक रचलेले. जास्त ऊब हवी, तर आणखी एक चढवायचा. हे डबे सतत आकड्यांची कोडी सोडवत आणि त्याबद्दल जगभर पसरलेल्या जाळ्याकडून त्यांना डिजिटल नाणी मिळत. कोडी सोडवताना चिपा तापत, ती ऊब बाळांना. नाण्यांतून वीजबिल भागायचं. ऊब फुकट! फुकट म्हटल्यावर साहेबलोकांना काय हवं? जुना हीटर त्यांनी लगेच उचलून नेला.

आज सकाळी सगळे डबे थंडगार पडले होते. बाहेर गवतावर दव गोठलं होतं.

रंजना वळवी सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रायली या बाळंतिणीचं दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ निळसर पडत चाललं होतं. रंजनानं ते रायलीच्या उघड्या छातीशी लावलं, वर घोंगड्या घातल्या आणि सुनीती घारपुरेकडे वळली. ऊबडबा हिनंच तयार केला होता. कालच ती पाहणीला आली होती.

"मॅडम, चालू करा."

"ते बिघडलेले नाहीत, सिस्टर. थांबलेत."

"बाळाला काय फरक पडतो?"

सुनीती समजावू लागली. जाळं ठरावीक काळात ठरावीकच नाणी देतं. यंत्रं वाढली की ते कोडी आपोआप अवघड करतं. ऊबडबा इतका स्वस्त निघाला की गावोगाव लागला, आणि प्रत्येकाचा वाटा आटला. नाण्यापेक्षा वीज महाग पडली की डब्यानं आपण होऊन थांबायचं, हा नियम तिनंच घातला होता. गरीब केंद्रं बिलात बुडू नयेत म्हणून.

"बटण कुठंय?"

"नाही. किंमत उतरवायला एकेक भाग काढत गेले. डबा स्वतःच ठरवतो, मग बटण कशाला, असं वाटलं."

"अहो, विझल्या चुलीलासुद्धा फुंकर घालता येते!" रंजना ओरडली. "एक बटण तुम्हाला जड झालं?"

सुनीतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रंजनाला त्याचाही संताप आला. रडून खोली तापत नव्हती.

"कधी सुरू होणार ते बोला."

"एकदम एवढे डबे थांबलेत, आता जाळं कोडी थोडी सोपी करेल. मग ज्यांची वीज स्वस्त, त्यांचे सुरू होतील."

"आणि महाग वीजवाले?"

"त्यांचे बंदच राहतील. सगळे एकदम चालू झाले, तर पुन्हा हेच होणार."

दुपारी डबे घुंघुं करू लागले. खोलीत गरम वारा आला. "आली ऊब, सिस्टर," रायली हसून म्हणाली. बाळाचे ओठ गुलाबी झाले होते.

रंजनानं डब्यापुढे हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. दुसऱ्या कुणाचे डबे बंद राहिले, म्हणून हे चालू झाले होते.

"कुणाचे बंद राहिले, मॅडम?"

"जाळ्यात नावं दिसत नाहीत."

"डबे कुणाला दिले ते तर माहीत आहे ना? मग लावा फोन! एकेका केंद्राला लावा. बाळ आईच्या छातीशी धरा म्हणावं. बघता काय? लावा!"

सुनीतीनं पहिला नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचललं नाही.