जोकिम अंकलची खुर्ची

ही गोष्ट खोटी असती तर मला बरंच वाटलं असतं. पण ती माझ्या सख्ख्या आतेभावाच्या बाबतीत घडलेली आहे. नाव रॉबिन, राहणारा मूळचा वसईचा, आता अबुधाबीतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. दारूला शिवत नाही. भुताखेतांची टर उडवण्यात पहिला. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा लागला.

आणि यात मध्यरात्र वगैरे काही नाही.

गेल्या मार्चमधला रविवार. दुपारचे सव्वातीन. दुबईत ऊद मेथातला एक हॉल, लख्ख उजेड, आणि चाळीसेक माणसं हजर.

सुरुवात मात्र पुस्तकांपासून झाली.

हॉटेलात पाहुण्यांच्या राहिलेल्या वस्तू सहा महिने ‘लॉस्ट अँड फाउंड’च्या कपाटात ठेवतात. कोणी मागायला आलं नाही, तर ज्याला सापडली त्याची. रॉबिनला अशीच दोन जुनी इंग्रजी पुस्तकं मिळाली. एका पाद्रीबाबाचं छापून आलेलं सगळं लेखन. हा बाबा इंग्लंडच्या सरकारी चर्चशी भांडून बाहेर पडलेला. स्वतःचं छोटंसं प्रार्थनाघर चालवायचा, रविवारी उपदेश करायचा आणि सोमवारपासून लोकांना चिमटे काढणाऱ्या कविता लिहायचा. बिशप, जमीनदार, स्वतःच्या प्रार्थनाघरातली मंडळी, कुणालाच सोडलं नव्हतं त्याने.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणी शोधून वाचायला नको.

पहिला खंड कवितांचा. दुसरा पत्रांचा आणि प्रवचनांचा. पण दुसऱ्याची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, फार जुन्या पुस्तकांची असायची तशी. सुरीने कापल्याशिवाय वाचता येत नव्हती. म्हणजे इतक्या वर्षांत तो खंड कुणी वाचलाच नव्हता.

रॉबिननेही वाचला नाही. तिथेच चुकला.

कवितांमध्ये एक होती, प्रार्थनेआधी तीनदा घसा खाकरणाऱ्या माणसावर. ती वाचून रॉबिन खो खो हसला. कारण अगदी तसा माणूस त्याच्या ओळखीचा होता.

जोकिम अंकल.

हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. साठीला आलेले. बायको रोझलिन वसईला, हे इथे एकटे. महिन्यातून एकदा वसईची मंडळी ऊद मेथाला प्रार्थनेसाठी जमायची, आणि बायबलचं वाचन करायचे जोकिम अंकल. शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून उठायचे, पुढे यायचे, तीनदा खाकरायचे, मग वाचायचे. बावीस वर्षं यात खंड नव्हता.

रॉबिनने ती कविता मराठीत आणली, मध्ये अंकलचं नाव घातलं आणि नाताळच्या कार्यक्रमात ठोकून दिली. स्वतःची म्हणून.

‘पहिलं खाकरणं संतांसाठी, दुसरं देवदूतांना,
तिसऱ्याला देव म्हणे, जोकिम, उठवतोस का भुतांना?’

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. पोरं नंतर तासभर अंकलच्या मागे खाकरत फिरत होती. अंकलही हसले. रॉबिनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं जमवलंस हो."

जानेवारीत अंकल आले नाहीत.

फेब्रुवारीतही नाहीत.

फोन करायला हवा, हे रॉबिनला कळत होतं. उद्या करू, उद्या करू, असं चाललं होतं…

फेब्रुवारीच्या शेवटी कळलं, अंकल गेले. न्यूमोनिया. छाती कफाने भरली होती म्हणे. खोलीत सोबत राहणारा फरदीन सगळ्यांना हेच सांगत होता, "खांसते हुए तो कभी सुना ही नहीं."

मार्चच्या प्रार्थनेत अंकलसाठी वाचन ठेवलं. ते रॉबिनने करावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अंकलचा तो लाडका ना! नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. खरं कारण होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

तो पुढे जाऊन उभा राहिला. बायबल उघडलं. हॉल चिडीचूप.

त्याने तोंड उघडलं…

खं.

शेवटच्या रांगेतून.

रॉबिनने वर पाहिलं. कडेची खुर्ची रिकामी होती. मंडळी माना खाली घालून बसलेली.

त्याने पुन्हा तोंड उघडलं…

खं. खं.

आवाज ओला होता. छातीच्या तळातून आलेला. इतर कुणी मान वर केली नाही. त्याची बायको जोआना तेवढी त्याच्याकडे काळजीने पाहत होती, कारण तो सुरुवातच करत नव्हता.

आता वाचायचं. अंकल तिसऱ्यानंतर वाचायचे. पण रॉबिनने बायबल मिटून बाजूला ठेवलं. शेवटी दुसऱ्या कुणीतरी वाचन उरकलं. गाडीत जोआनाला तो म्हणाला, एसीने घसा बसला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर त्याने किचनमधली सुरी घेतली आणि दुसऱ्या खंडाची पानं कापायला बसला. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

शेवटून दुसरं पत्र. पाद्रीबाबाने म्हातारपणी मित्राला लिहिलेलं. त्याचं मराठी रॉबिनने मला वाचून दाखवलं, ते असं.

‘त्या कवितेला लोक फार हसले. ज्याच्यावर लिहिली तो पुन्हा प्रार्थनेला आला नाही, आणि वर्षाच्या आत गेला. त्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. पण ती रिकामी नसते. मी तोंड उघडलं की आधी तो खाकरतो. माझ्याकडचा कागद मी जाळला. छापलेल्या प्रती कशा जाळू? त्याच्या बायकोला सांगायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.’

रॉबिन रात्रभर त्या शेवटच्या वाक्यापाशी अडला. बाबाला जमलं नाही ते आपण करायचं. रोझलिन आंटीला सांगायचं, माफी मागायची, सुटायचं. सुटायचंच होतं त्याला, हे त्याने माझ्यापाशी कबूल केलं.

पुढच्या रविवारी सव्वातीनला त्याने घरून फोन लावला. वसईला तेव्हा पावणेपाच. जोआना बाहेर गेली होती. त्याने एका दमात सगळं सांगितलं. कविता कुठून उचलली, अंकलचं नाव कसं घातलं, लोक किती हसले.



आंटी म्हणाल्या, "तरीच. नाताळनंतर फोनवर बोलता बोलता मध्येच यांचा आवाज दबायचा. विचारलं तर म्हणाले, खोकला येतोय, तोंडावर उशी धरतो. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. तर म्हणाले, तिकडे चारचौघांत खोकावं लागेल, रोझी. लाज वाटते."

रॉबिनला ब्रह्मांड आठवलं. त्याने एका माणसाचा खोकला बंद केला होता. आणि तो खोकलाच त्या माणसाला वाचवू शकला असता.

"आंटी, मला…"

खं.

डायनिंग टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीतून.

खं. खं.

  फोनमधून आंटींचा आवाज आला, अगदी हळू.

"हे आहेत ना तिथे?"

त्याने खुर्चीकडे पाहिलं. रिकामीच होती.

"किती मोकळं खाकरले," आंटी म्हणाल्या. त्या रडत होत्या. "फोन ठेवू नकोस हं, रॉबिन. त्या खुर्चीवर ठेव."

त्याने ठेवला. तासभर.

तेव्हापासून दर रविवारी सव्वातीनला आंटींचा फोन येतो. त्या रॉबिनशी बोलत नाहीत. तो फोन खुर्चीवर ठेवतो आणि समोर बसून राहतो. जोआना त्या वेळी घरात थांबत नाही. ती खुर्ची जेवायलाही कुणी घेत नाही.

पुस्तकं त्याने पुन्हा लॉस्ट अँड फाउंडमध्ये नेऊन ठेवली. रजिस्टरमध्ये सापडल्याची तारीख मार्चची आहे, कुणाला सापडली तो रकाना कोरा. मी बोटांवर महिने मोजतो आणि ती कुणाच्या हातात जातील याचा विचार करतो.

गेल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, आंटींनी माफ केलं का तुला?

तो म्हणाला, "माहीत नाही रे. माफी अजून मागूनच झालेली नाही. दर रविवारी मागायला जातो. तोंड उघडतो…

आणि त्याआधी ते खाकरतात."