पलंग ते खुर्ची, मार्गे वाटूर

आकांक्षानं शेवटी भुजंगला होकार दिला. असं काहीही घडलेलं नाही. वाचकांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं यावं.

तर, वाटूरच्या आकांक्षाचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आई तिला काखेत हात घालून उठवायला गेली आणि दोघी आपटल्या. तेव्हापासून आकांक्षानं भीतीनं पलंगच सोडला नव्हता. छताकडं बघून बघून तिला पालींचे स्वभाव कळायला लागले होते.

चाकाची खुर्ची जालन्याहून भुजंग ड्रायव्हरच्या प्रवासी जीपमधून आली. आत जागा नव्हती, म्हणून एक आजोबा तिच्यात बसून टपावरून आले, आणि आता उतरायला तयार नव्हते. त्यांची समजूत काढून भुजंग खुर्चीसकट खोलीत शिरला. बाहेर भुरभुर चालली होती. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा नि डिझेलचा वास होता... डिझेलचा वास इतका गोड असतो, हे आकांक्षाला ठाऊक नव्हतं.

त्यानं खुर्ची मांडली आणि दोन दगड आणून चाकांखाली सारले.

“ब्रेक हाय तिला,” ती म्हणाली.

“ब्रेकचा भरवसा न्हाई, मॅडम. चढाला दगडच बरा.”

“खोलीत कुठाय चढ?”

“मला लागून राह्यला,” तो गंभीरपणे म्हणाला.

हसू दाबत तिनं ब्रेक लावून घेतले, मग दवाखान्यात शिकवलेलं सांगितलं. खुर्ची चांगल्या पायाच्या बाजूला, जराशी तिरपी. पायाच्या पट्ट्या वर. ती कडेला सरकली, डावा तळवा जमिनीवर टेकवून पुढं झुकली. त्यानं तिच्या कमरेला बांधलेला दवाखान्याचा पट्टा धरला.

“गळ्यात हात टाकता का?”

“न्हाई. तोल जातो.”

“माझा गेलाच हाय.”

“पाठ न्हाई, गुडघे वाकवा. तीनला उठायचं. एक... दोन... तीन.”

भुजंग हलला नाही.

“काय झालं?”

“तीनवर गाडी निघत न्हाई, मॅडम. दोन थापा लागतात.”

तिनं त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारली — आणि ती उठली... तरंगल्यासारखी वळली... खुर्चीत अलगद टेकली. दारात उभ्या आईनं, मालनबाईंनी, मिटलेले डोळे उघडले.

मग रोज दुपारी जीप दारात थांबू लागली. आत प्रवासी निमूट बसून राहायचे.

आणि एक दिवस वाईट बातमी आली. हाड जुळलं. काठी घेऊन चाला, म्हणाले डॉक्टर. आकांक्षा वाटभर रडली. आईला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं भिंतीला टेकवलेली काठी पाहिली.

“मंग... उद्यापासून येत न्हाई मी. डॉक्टरच म्हणले, गरज न्हाई.”

“डॉक्टरला मी पायाचं इचारलं होतं,” ती नखाकडं बघत म्हणाली. “तुमचं न्हाई.”

“मंग माझं... कुणाला इचारायचं?”

“आईला. सैपाकघरात हाय.”

तो आत गेला. बाहेर प्रवाशांनी हॉर्न वाजवला. मग मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“जीपमधी किती जण हायेत गं? सगळ्यांचाच चहा टाकते.”

सबब, माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी, जालना यांना नम्र विनंती की, सदर महिला पेशंटचं हाड जुळल्याची नोंद रद्द समजण्यात यावी, आणि तिला पुढचा ऊस तुटून लग्नाचे पैसे हाती येईपर्यंत रोज दुपारी पलंगावरून खुर्चीत बसवण्याची परवानगी मिळावी.