घाबरू नका, आधी घोटभर पाणी प्या

"पत्रक वाचून काही केलं नाहीत ना?"

दार उघडल्याबरोबर त्याचा हा पहिला प्रश्न. खांद्याला बॅग, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि हातात रंगाऱ्याकडे असतो तसा एक छोटा ब्रश. परक्या घरी पहिल्यांदा जाताना माणसं निदान 'आत येऊ का' असं विचारतात. हा थेट गुन्ह्यावरच आला.

"कुठलं पत्रक?" ठमीने विचारलं.

"कॉम्प्युटरच्या खोक्यात येतं ते. सुरू होत नसेल तर काय करायचं, त्याच्या सहा पायऱ्या. पिवळा कागद."

"हां... ते. केलं."

"किती वेळा?"

"चार."

घरगुती औषधांची यादी ऐकून डॉक्टर सोडतात तसा एक सुस्कारा त्याने सोडला आणि चपला काढल्या.

ठमी हे आत्याने ठेवलेलं नाव. बत्तिसावं लागल्यापासून त्या नावाला तिचा आक्षेप होता, पण आत्याकडे आक्षेप नोंदवायची सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आत्या-भाची राहत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, आणि त्या टेबलाशी बसून ठमी एका कंपनीसाठी माहितीपत्रकं लिहायची. ज्या वस्तू तिने जन्मात कधी उघडल्या नव्हत्या, त्या कशा उघडाव्यात हे ती लोकांना सोप्या भाषेत समजावून सांगे. पिवळ्या कागदावरच्या सहा पायऱ्या तिच्याच होत्या.

सकाळी नऊला वीज गेली आणि दोन मिनिटांत आली. पंखा आला, फ्रीज आला, आत्याचा रेडिओ तर अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलू लागला. कॉम्प्युटर तेवढा आला नाही. त्याच्या पोटात पिवळ्या पत्रकाची नवी आवृत्ती होती, आणि ती संध्याकाळी पाचला साहेबांकडे पोचायची होती. "नाही पोचली तर जुनंच छापू, आणि पुढची कामं दुसऱ्या कुणाला देऊ," असं साहेब म्हणाले होते. साहेब कधी रागावत नसत. ते नुसतं पुढचं वाक्य बोलत. फाइलीची प्रत दुसरीकडे ठेवलेली होती का? नव्हती. 'महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत नेहमी वेगळी ठेवा' ही सहावी पायरी लिहिणाऱ्यालाही लागू असते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग तिने कंपनीच्याच मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने तिला तिचीच सहा वाक्यं अत्यंत गोड आवाजात वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्यात एक शब्द जास्त आहे, हे ठमीला तेव्हा कळलं. शेवटी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी एका दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला. "माणूस तिरसट आहे," काका म्हणाले होते, "पण हात चांगला."

तो तिरसट माणूस आता गुडघ्यांवर बसून डबा टेबलाखालून ओढत होता. भिंतीतल्या सॉकेटमध्ये त्याने टेस्टर लावून पाहिला, वायर हलवून पाहिली, मागचं बटण पाहिलं. मग एका बाजूचं झाकण काढलं. आतली धूळ तो ब्रशने इतक्या हळुवारपणे झटकत होता, की ठमीला उगाचच आपला कपाळावरचा केस मागे सारावासा वाटला. मग तिला शिंक आली. एकापाठोपाठ तीन.

"तुम्ही खिडकीशी थांबा," तो वर न बघता म्हणाला. "दोन वर्षांची धूळ आहे. तिला पाहुण्यांची सवय नाही."

ठमी खिडकीशी थांबली. समोरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"हे पत्रक ज्याने लिहिलंय ना," डब्यात डोकं घालून तो म्हणाला, "तो मला एकदा भेटायला हवा."

"का...?"

"पाया पडेन. दोन वर्षं माझा धंदा त्याच्यावर चाललाय. लोक पत्रक पाळतात, कॉम्प्युटर सुरू होत नाही, मग मला बोलावतात. आठवड्याला तीन घरं तरी नक्की."

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. आत्याने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा तिचा हक्काचा विषय.

"आणि लिहिणारी बाई असेल तर?" आत्याने विचारलं.

"आत्या, चहा!"

"ठेवलाय गं, ठमे. मी आपलं विचारलं."

"बाई असो की बुवा," तो म्हणाला. "चौथी आणि पाचवी पायरी उलटी आहे. म्हणे, सुरू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग भिंतीतली वायर काढा. वायर भिंतीत असताना बटण दाबून काय होणार, कपाळ? आधी वायर काढायची, मग बटण दाबायचं. वीज अशी पटकन गेली-आली, की हा डबा दचकतो आणि आतून कडी लावून बसतो. आत उरलेली वीज निघून गेली की मग उघडतो."

ठमीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कंपनीच्या इंजिनियरने दिलेल्या कागदावर क्रम बरोबर होता. तिनेच तो बदलला होता. लांब वाक्य आधी, छोटं नंतर...

"कदाचित," ती सावकाश म्हणाली, "वाचताना कानाला तसं बरं वाटत असेल."

"विजेला कान नसतात."

मग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून त्याने घडी घालून घालून मऊ झालेला एक पिवळा कागद काढला.

"पण खरं सांगू? टाकवत नाही मला हा. हे वरचं बघा — 'घाबरू नका. आधी घोटभर पाणी प्या. चूक तुमचीच असेल असं नाही.' यंत्राच्या कागदावर असं कोण लिहितं? मी लोकांकडे जातो ना, तर लोक दारातच माझी माफी मागतात. 'मी काही केलं नाही हो, आपोआप झालं.' सत्तरीचे गृहस्थ, काच फोडलेल्या पोरासारखे उभे असतात. मग मी त्यांना आधी हे वाचून दाखवतो. खांदे खाली येतात त्यांचे... दिसतं ते." त्याने कागद जपून परत ठेवला. "कधीकधी स्वतःसाठीही वाचतो."

"तुम्हाला कशाला लागतं?"

"का? मी बंद पडत नाही?"

ठमी खिडकीबाहेर बघू लागली. समोरच्या गच्चीवर एक चादर वाळत होती. ती चादर तिने फारच लक्षपूर्वक पाहिली. कारण ते वाक्य तिने कालच काढून टाकलं होतं. साहेबांनी शेरा मारला होता: 'पाणी आणि वीज एका पानावर नकोत. कायदा विभागाला चालणार नाही.' तिने वाद घातला नव्हता. 'बरं' असं उत्तर पाठवलं होतं.

"या," तो म्हणाला. "तुम्हीच करा. शिकलात म्हणजे पुन्हा मला बोलवावं लागणार नाही." आणि हे बोलल्यावर तो जरा नाराज दिसला, जणू दुसऱ्याच कुणीतरी मध्येच तोंड घातलं होतं.

तिने वायर काढली. त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून बटणावर बोट ठेवलं.

"दाबा. सोडू नका. एक... दोन... तीन..."

तीस सेकंद म्हणजे फार नव्हेत. पण दुसरं काहीच करायचं नसलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या शर्टाला साबणाचा मंद वास येत असला, तर ते बरेच लांबतात. त्याच्या मनगटावर एक जुना भाजल्याचा डाग होता. मोजताना त्याचे ओठ जेमतेम हलत. ठमीच्या मनात आलं, आता हा डबा सुरू होणार. सुरू झाला की पडद्यावर फाइल येणार. आणि फाइल आली की याला कळणार. पाच वाजायच्या आत सुरू तर व्हायलाच हवा होता... पण अगदी आत्ताच नको.

"पंधरा... सोळा..."

"पत्रकात क्रम बरोबर असता," ती बटणाकडे बघत म्हणाली, "तर तुम्ही आला नसतात."

"नसतो आलो. एकोणीस... वीस..."

"मग लिहिणाऱ्यावर एवढं का चिडता?"

"एकवीस... बावीस..." तो थांबला. तिच्याकडे पाहिलं. "कितीवर होतो मी?"

"बावीस."

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक चालत नाही. पुन्हा एकपासून घेऊ."

"जास्त झाले तर काही बिघडतं?"

"जास्त झाल्याने आजवर काही बिघडलेलं नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "एक... दोन..."

आत्या चहाचे कप घेऊन दारापर्यंत आली. जमिनीवर गुडघे टेकून बसलेली दोन माणसं, एक बोट, एक बटण हे दृश्य तिने पाहिलं, आणि कप घेऊन आल्यापावली परत गेली. एक्स्चेंजमध्ये ती एवढं तरी शिकली होती, की लाइन लागली की मधे बोलायचं नसतं.

तीस झाले. वायर लागली. ठमीने बटण दाबलं, आणि डब्याच्या पोटात पंखा घरघरला. पडद्यावर उजेड आला. कॉम्प्युटरने अतिशय इमानदारीने सकाळी नऊची फाइल जशीच्या तशी पुढे आणून ठेवली: 'पिवळे पत्रक, आवृत्ती दुसरी.' खाली सहा पायऱ्या. चौथी आणि पाचवी अजून उलटीच.

तो वाचत राहिला. बराच वेळ.

"मीच लिहिलंय ते," ठमी म्हणाली. "आणि पहिलंसुद्धा. कानाला बरं वाटलं म्हणून... मला माहीत नव्हतं हो. आठवड्याला तीन घरं... दोन वर्षं..."

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आत्या, पाणी मिळेल?" असं त्याने विचारलं, आणि भरलेला पेला आणून ठमीच्या हातात दिला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "चूक तुमचीच असेल असं नाही." मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्याला पुढेही बोलावं लागलं. "म्हणजे... या खेपेला तुमचीच आहे. पण वाक्य चांगलं आहे."

ठमीला पाणी पिता पिता हसू आलं, आणि ठसका लागला. आतून आत्या ओरडली, "पाठ थोपट रे तिची!" त्याने हात उचलला, मग उगाच पडद्याकडे बोट केलं.

"वरचं ते वाक्य कुठे गेलं?"

तिने साहेबांचा शेरा सांगितला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"'बरं' म्हणाले."

"हं," तो म्हणाला. तेवढंच. पण तो 'हं' ठमीला साहेबांच्या सगळ्या पुढच्या वाक्यांपेक्षा जड वाटला. ती खुर्चीत बसली. चौथी पायरी पाचवी केली, पाचवी चौथी. मग पानाच्या वरच्या टोकाला गेली आणि ते वाक्य जसंच्या तसं परत लिहिलं. सोबत साहेबांना एक ओळ: 'पाणी यंत्राने नव्हे, माणसाने प्यायचे आहे. कायदा विभागास कळवावे.' पाचला आठ मिनिटं असताना फाइल गेली. चहा गार झाला होता आणि तिघंही तो तसाच प्यायली.

दारात चपला घालताना तो म्हणाला, "क्रम बरोबर झाला. आता आठवड्याची तीन घरं गेली माझी."

"वाईट वाटतंय?"

"दोन घरांचं नाही वाटत," तो म्हणाला आणि जिना उतरला.

महिन्याभराने पत्रक छापून आलं. वाक्य जागेवर होतं. साहेबांनी काहीच म्हटलं नाही, उलट इस्त्रीचं पत्रकही तिलाच दिलं. ठमीला आनंद झाला, पण एक अडचण होती. कॉम्प्युटर बिघडेना. मधल्या काळात वीज दोनदा गेली आणि आली. एकदा तर डबा पूर्वीसारखाच रुसून बसला. ठमीने हर्षभराने फोन उचलला, मग तिचा विवेक आडवा आला. तिने वायर काढली, बटण दाबलं, तीस मोजले. डबा सुरू झाला. बरोबर लिहिण्याचा हा तोटा तिला कुणी सांगितला नव्हता.

"एवढं वाटतंय तर सरळ फोन कर," आत्या म्हणाली.

"कारण काय सांगू?"

"माझी सगळी नोकरी लोकांचे फोन जोडण्यात गेली, ठमे. कारण असणारे फोन लवकर संपायचे."

ठमीने नंबर लावला.

"हॅलो... कॉम्प्युटर सुरू होत नाहीये."

"वायर काढलीत?" तोच आवाज. तोच थेटपणा.

"काढली."

"आणि मग बटण? तीस सेकंद?"

"नाही..."

"का?"

"बावीसवर अडकते."

मग तो हळूच म्हणाला, "मागे पंखा ऐकू येतोय. तुमच्या डब्याचा आहे. मी ओळखतो तो."

ठमीने खाली पाहिलं. डबा निर्लज्जपणे घरघरत होता. तिने डोळे मिटून घेतले.

"सुरू आहे," ती म्हणाली. "सगळं सुरू आहे, काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही... तरी या."

"घाबरलात?"

"हो."

"मग आधी घोटभर पाणी प्या. तेवढ्यात मी येतो."

"एवढ्यात? कुठे आहात तुम्ही?"

"खालीच. शिंपीकाकांकडे." तो जरा खाकरला. "आज चौथा दिवस. रोज शर्टाचं एक बटण तोडून आणतोय. काकांना संशय यायला लागलाय."

मागून काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "संशय कसला? जा की आता वर!"

फोन बंद झाला. ठमी पाणी प्यायली, थोडं सांडलं, उरलेलं पुन्हा प्यायली. आतून आत्याने विचारलं, चहा तिघांचा ठेवू ना, आणि उत्तराची वाट न बघता ठेवलाही. जिन्यावर पावलं वाजू लागली. तीन मजले होते. ठमी दारामागे उभी राहून पायऱ्या मोजत होती. बाविसाव्या पायरीला तिचं मोजणं चुकलं.

या खेपेला तिने पुन्हा एकपासून घेतलं नाही. दार उघडलं आणि ती खाली निघाली.