हातखंब्याची नासलेली विहीर

मस्कतहून जुनेदचा फोन आला, तेव्हा मनस्वी सुर्वेनं आधी एवढंच विचारलं, "आई एकट्याच असतात?"

"एकटीच. शेजारच्या पंपवाल्यानं आमची विहीर नासवली. पेट्रोलचा वास येतोय पाण्याला. पुरावा काढा, त्याला सोडायचं नाही."

रत्नागिरीत खासगी तपास करणारी मनस्वी बोलायची कमी. तिचे सोबती गंगारामकाका, पोलिसातून निवृत्त झालेले. ते बोलायचे फार आणि त्यांना उलगडायचं उशिरा. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला माणूस नव्हतं.

हातखंब्याला महामार्गालगत जुनेदच्या आईचं, खुर्शीदबींचं घर. त्यांनी दोघांना हाताला धरून ओटीवर बसवलं. "चाय घेतल्याबिगर जायचा नाय. काल तलाठी येऊन गेला, त्याच्या आधी पेपरवाला. सगळे विचारपूस करतात."

विहिरीवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली खुर्शीदबींच्या कमरेला. जवळच्या दगडी डोणीत बारके मासे पोहत होते.

"विहिरीतले. वास आला तसे काढले," त्या म्हणाल्या.

"एकही मेला नाही?" गंगारामकाकांनी विचारलं.

"अल्लाचा करम!"

ओटीच्या कोपऱ्यात जुनेदची जुनी स्कूटर होती. सगळीकडे धुळीचा थर. पेट्रोलच्या टाकीचं झाकण तेवढं स्वच्छ होतं. मनस्वीनं ते पाहिलं आणि चहा संपवला.

पंपाचा मालक महिपत हवालदिल झाला होता. "जुनी टाकी गळत होती, कबूल. पण ती बदलून कैक वर्षं झाली. आता पंप सील झाला तर माझी माणसं कुठं जातील, मॅडम?"

पंप आणि विहीर यांच्या मधोमध, कुंपणालगत त्याची बोअरवेल होती. मनस्वीनं तिथलंही पाणी बाटलीत भरून घेतलं.

पाण्याचा टँकरवाला दादू तर चिडलाच. "विहीर नासली की माझा धंदा वाढतो, म्हणून मी? माझ्याकडे एक टँकर, तोही डिझेलचा!"

प्रयोगशाळेचा अहवाल आला, तशी मनस्वी पुन्हा त्या ओटीवर जाऊन बसली. गंगारामकाकांखेरीज तिनं कुणालाही सोबत घेतलं नव्हतं.

"खाला, पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळतात. ते जमिनीत मुरलं की खोल, जिथं हवा पोचत नाही, तिथले जंतू ते सावकाश खातात. मागं टीबीए नावाचं दुसरं रसायन उरतं. महिपतच्या बोअरमध्ये जवळजवळ सगळं टीबीएच आहे. म्हणजे ती गळती जुनी. ती झिरपत तुमच्या विहिरीत आली असती, तर इथंही टीबीए सापडलं असतं. इथं त्याचा थेंब नाही. नुसतं एमटीबीई, जंतूंनी न शिवलेलं."

"म्हणजे?" गंगारामकाकांनी विचारलं.

"म्हणजे जमिनीतून आलं नाही, काका. वरून ओतलं. डिझेलमध्ये एमटीबीई नसतं, तेव्हा दादू सुटला. महिपत स्वतःवरच बालंट कशाला आणेल? झाकणाला कुलूप, किल्ली एकच. मासे वास आल्यावर काढले असते, तर काही तरी मेलेले निघाले असते. ते आधीच काढले. आणि स्कूटर वर्षानुवर्षं हलली नाही, पण तिचं झाकण उघडलं गेलंय."

खुर्शीदबींनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "जुनेद ईदेलाच फोन करायचा. वास आला तसा रोज करतो. वाटला, चार दिसांनी उडून जाईल. त्या महिपतचा वाईट करायचा नव्हता गो मला."

घरी परतल्यावर आपल्याच हातानं उघडायचं कुलूप गंगारामकाकांना दिसत होतं.

"महिपतला आजच सांगावं लागेल," मनस्वी म्हणाली. "त्याची जुनी गळतीही सरकारदरबारी कळवणार आहे मी. पण जुनेदला तुम्ही सांगा."

तिनं फोन लावून पुढं केला. खुर्शीदबींनी तो दोन्ही हातांत धरला.

"जुनेद, कुणाला दोष देव नको. विहिरीत मीच ओतलंय."

महामार्गावरून ट्रक जात राहिले. मग फोनमधला आवाज गंगारामकाकांनाही ऐकू आला.

"मी येतो, अम्मी."

खुर्शीदबींनी डोळे पुसले नाहीत. हळूच विचारलं,

"किती दिस ऱ्हाशील?"