आधी कातमेर, मग लग्न

बुधवारी सकाळी रेफिक दुकानात वाळलेल्या वांग्यांच्या माळा आकड्यांना अडकवत होता, तेव्हा फोन वाजला. उर्ल्याहून मेहुणीचा होता. नेव्हिन एरवी आधी हवापाण्याची चौकशी करायची, मग कामाचं बोलायची. त्या दिवशी ती नुसतं "भावोजी" म्हणाली आणि रडायला लागली. मागे कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं, बहुतेक डॉक्टर असावा. रेफिकची बायको बेल्गिन सकाळी बाजारातून आली, ओट्याशी उभी राहून भाजी साफ करत होती, आणि तिथेच खाली बसली. ती पुन्हा उठली नाही.

रेफिकने हातातली माळ नीट अडकवली. मग शेजारच्या मसालेवाल्याला म्हणाला, "दुकानाकडे जरा लक्ष ठेव. उर्ल्याला जातोय."

"तू शुक्रवारी जाणार होतास ना?"

"हो. शुक्रवारीच जाणार होतो," रेफिक म्हणाला.

उर्ला हे बेल्गिनचं माहेर, पश्चिमेच्या समुद्राकाठी. रेफिकचं आंतेप देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांबची ही दोन माणसं एकत्र आली ती टोस्टमुळे.

त्या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. शरद ऋतू होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता. रेफिक तेव्हा वडिलांच्या गादीवर नुकताच बसायला लागला होता. निळा कोट घातलेली एक मुलगी पाऊस चुकवायला दुकानात शिरली, आणि दारातल्या वांग्यांच्या माळेत तिचे केस अडकले.

"हलू नका," रेफिक म्हणाला.

"हलले तर?"

"वांगी तुटतील."

"आणि माझे केस?"

"केस पुन्हा येतात. ही वांगी उन्हाळाभर वाळवलीत."

ती हसली. रेफिक माळ सोडवत होता आणि त्याची बोटं उगाचच चुकत होती. केस ओले होते, त्यांना साबणाचा वास होता. एवढा वेळ लागायचं खरं तर काही कारण नव्हतं.

"झालं का?"

"होतंय... हं, झालं."

तिचं नाव बेल्गिन. मैत्रिणीच्या लग्नाला आली होती. लग्न लागलं, मैत्रीण त्याच रात्री नवऱ्याबरोबर अंतल्याला निघून गेली, आणि हिची परतीची बस होती रविवारी सकाळी अकराला. तोवर करायचं काय?

"तुमच्या गावात खायचं काय आणि कुठे, तेवढं सांगा," ती म्हणाली. "हॉटेलवाल्याने आज मला टोस्ट दिला."

"टोस्ट? आंतेपमध्ये?" रेफिकला घरच्या कोणाला शिवी दिल्यासारखं वाटलं. "उद्या बेयरान प्या. तांब्याच्या वाडग्यात येतं. खाली भात, वर मटण, लसूण आणि तिखट. पुढच्या चौकात, हिरव्या दाराचं दुकान."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तरातरा आली.

"अहो रेफिक, तुमचं हिरवं दार बंद आहे!"

"किती वाजता गेलात?"

"बारा वाजता. जेवायच्या वेळेला."

"बेयरान दुपारी? बाईसाहेब, ते उजाडताना पितात. नऊपर्यंत पातेलं घासून पालथं पडतं."

"मग हे काल सांगायला काय झालं होतं?"

रेफिकने विचार केला. "हे सांगावं लागतं, हेच मला माहीत नव्हतं."

"कमाल आहे! अजून काय काय सांगावं लागतं ते माहीत नाहीये तुम्हाला?"

"ते मला कसं कळणार?"

हे ऐकून ती इतकी हसली की शेजारचा मसालेवाला वाकून बघायला लागला. रेफिकने त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "तुम्हाला नुसतं सांगून भागणार नाही. दाखवायलाच यावं लागेल."

"दुकानाचं काय?"

"वांगी वाळलेलीच आहेत. अजून किती वाळणार?"

त्या दुपारी तो तिला जेवायला घेऊन गेला. ज्या खाणावळीत तो लहानपणापासून जायचा, तिथे खाली एकटेदुकटे पुरुष बसायचे आणि वरच्या मजल्यावर बायकामुलांसह आलेले. एकट्या पुरुषाला वर सोडत नसत. वाढप्याने रेफिककडे पाहिलं, मग बेल्गिनकडे पाहिलं, आणि जिन्याकडे हात केला.

"काय झालं? थांबलात का?" बेल्गिनने विचारलं.

"मी वर कधी गेलो नाहीये."

"एवढ्या वर्षांत?"

"कोणाबरोबर जाणार?"

बेल्गिन दोन पायऱ्या चढली, मागे वळली आणि म्हणाली, "चला. मी दाखवते."

वर खिडक्या होत्या, पडदे होते. खालच्यापेक्षा उजेड जास्त होता. भाजलेल्या वांग्याच्या भरतात दही कालवलेलं, त्यावर लोण्यात परतलेलं मटण, असं अली नाझिक आलं. बेल्गिनने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. रेफिकने आपल्या ताटाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघितलं.

"कसं आहे?"

"बोलू नका. मी जेवतेय."

मग ती स्वतःच बोलायला लागली. उर्ल्याचं, समुद्राचं, आणि एंगिनारचं. वसंतात काटेरी झाडांना मुठीएवढ्या कळ्या येतात. वरची पानं सोलायची, आतला मऊ गाभा लिंबाच्या पाण्यात टाकायचा नाहीतर काळा पडतो, मग ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवायचा आणि थंड करून खायचा.

"मटण कुठे घालता?"

"घालत नाही."

"थंड? बिनमटणाचं? म्हणजे गवतच की. तुमच्याकडच्या गाई काय खातात मग?"

"आंतेपहून आलेले आगाऊ पाहुणे!"

रेफिकला ठसका लागला. तिने पाणी पुढे केलं. "एप्रिलमध्ये या," ती म्हणाली, "मग बोला."

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. उजाडताना बेयरान झालं, आणि तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाडगा तिने पुसून खाल्ला. भट्टीतून निघालेलं लाहमाजून, म्हणजे खिमा पसरलेली पातळ रोटी, चालता चालता गुंडाळून खाल्लं. कबाबच्या गाडीशी दोघं शेजारी उभी राहिली आणि तिचा कोट त्याच्या बाहीला लागत राहिला. दोघांपैकी कोणीही सरकलं नाही. "तुम्ही"चं "तू" कधी झालं हे दोघांनाही नंतर आठवेना. बेल्गिन म्हणायची लाहमाजूनच्या वेळी, तो म्हणायचा त्याच्या आधी.

शनिवारी संध्याकाळी तो तिला हॉटेलच्या दारापर्यंत सोडायला गेला. उद्या अकराला बस. चार दिवसांच्या ओळखीवर परगावच्या मुलीला राहा म्हणणारा तो कोण? आणि न म्हणावं, तर ती जाणार.

"मग..." बेल्गिन म्हणाली, "काही राहिलं का दाखवायचं?"

"एक राहिलंय. उद्या लवकर ये. कातमेर खाऊ."

"काय असतं ते?"

"पातळ पोळी. आत साय, साखर, पिस्ते. घडी घालून भाजतात."

"आणखी काही सांगण्यासारखं?"

रेफिकने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाला.

जुमा उस्तादाच्या दुकानात सकाळी गर्दी असायची. उस्ताद पिठाचा गोळा हवेत फिरवत फिरवत पलीकडचं दिसेल इतका पातळ करायचा. त्याने रेफिकला दारात पाहिलं, त्याच्या मागे ओल्या केसांची बेल्गिन पाहिली, आणि त्याच्या हातातली पोळी ओट्यावर पडली.

"अरे लबाडा! उरकलंस होय? आणि आम्हाला पत्ता नाही?"

"उस्ताद, ते..."

"गप्प बस. तुझ्या बापाला आणि आईला पहिल्या सकाळी मीच कातमेर धाडला होता. तुझ्या आईने मला आमंत्रण दिलं नाही म्हणजे कमाल झाली. बस मुली, बस. इथे, खिडकीशी."

सगळं दुकान उठून उभं राहिलं. दोन म्हाताऱ्यांनी छातीला हात लावून मान झुकवली. एका आजींनी येऊन बेल्गिनच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाल्या, "एकाच उशीवर म्हातारे व्हा, बाळांनो."

उस्तादाने सगळ्यात मोठा कातमेर आणून ठेवला. साय कडेने बाहेर येत होती. आजूबाजूला सगळे कौतुकाने बघत होते, त्यामुळे दोघांना खाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बेल्गिन खाली मान घालून हळूच म्हणाली, "रेफिक. हे काय चाललंय?"

"आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको कातमेर खातात. एकत्र. पहिली न्याहारी."

"म्हणजे हे सगळे..."

"हो."

"आणि हेही सांगावं लागतं, हे तुला माहीत नव्हतं?"

रेफिकच्या हातातला घास हातातच राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"हे माहीत होतं," तो म्हणाला.

बेल्गिनने सुरीने एक तुकडा कापला, साय भरपूर असलेला, आणि त्याच्या ताटलीत ठेवला.

"काल सांगितलं असतंस तर?" तिने विचारलं.

"तर तू आली नसतीस."

"मूर्खा," बेल्गिन म्हणाली. "आले असते... जरा बरे कपडे घालून आले असते."

दोघं बाजारात पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. रेफिकची आई घरातल्या सपाता घालूनच दुकानात येऊन बसली होती. तिने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. बेल्गिनला जवळ बसवलं आणि म्हणाली, "याने तुला पळवून आणलं, की तू याला?"

"अजून ठरलेलं नाही, आई," बेल्गिन म्हणाली.

अकराची बस तिच्याशिवाय गेली. ती दुसऱ्या दिवशीच्या बसने उर्ल्याला गेली, तेव्हा शेजारच्या सीटवर रेफिकची आई होती, मागणी घालायला निघालेली.

लग्नानंतर खऱ्या पहिल्या सकाळी उस्तादाने पुन्हा कातमेर धाडला. बेल्गिनने फडकं उचलून बघितलं आणि म्हणाली, "हा दुसरा." पुढे आयुष्यभर ती लोकांना सांगायची, "आमच्यात आधी कातमेर झाला, मग लग्न."

ती आंतेपची झाली. सणाला शेजारणींबरोबर बसून चण्याएवढ्या तांदळाच्या गोळ्या वळायला शिकली, आणि आलेल्यागेलेल्याला बेयरान किती वाजता प्यायचं ते आधी सांगायला लागली. फक्त एप्रिल आला की एंगिनारसाठी बहिणीकडे जायची. दर वर्षी म्हणायची, "या वर्षी तरी चल. गवत खायला." तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." त्याच दिवसांत गावोगावचे व्यापारी येत, दुकान सोडता येत नसे. या वर्षी तो खरंच निघणार होता. शुक्रवारचं ठरलं होतं. ते कळल्यावर फोनवर ती म्हणाली होती, "बघ हं. मी बुधवारीच बाजारात जाऊन चांगले निवडून ठेवते."

तिला उर्ल्यातच, तिच्या आईशेजारी मातीत ठेवलं. घरी आल्यावर नेव्हिनने तिच्या नावाने हलवा केला, तो सगळ्यांना वाटला. रेफिकनेही खाल्ला. ओट्यावर मोठ्या भांड्यात एंगिनारचे गाभे लिंबाच्या पाण्यात तसेच होते. निम्मे सोललेले, निम्मे कळ्याच. ते पाहून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"भावोजी, शिजवू का थोडे?" नेव्हिनने मागून विचारलं.

"आज नको."

तो निघाला तेव्हा नेव्हिनने सोललेले गाभे मीठ-लिंबाच्या पाण्यात बरणीत भरून दिले. म्हणाली, "टिकतील. तुम्हाला वाटेल तेव्हा तेलात शिजवा. मटण घालू नका, तिला राग येईल."

बरणी आंतेपच्या स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवली आहे. एप्रिल संपला, उन्हं कडक झाली, दुकानात नवी वांगी यायला लागली. ऑलिव्हचं तेलही रेफिकने आणून ठेवलं आहे.

बरणी अजून उघडायची राहिली आहे.