टेपचं दुसरं टोक

भक्ती, तू आज दुपारी खाडीच्या तरीवरच्या धर्मशाळेचे फोटो काढत होतीस, ते मी बघितलं. काढ, फोटोला माझी हरकत नाही. पण जेवताना तू ह्या कौस्तुभला म्हणालीस ना, की परवा टेप घेऊन जाऊ, पायऱ्यांची मापं घेऊ, तेव्हा माझा घास हातातच राहिला. तू आर्किटेक्टच्या कॉलेजात जाणार याचं मला कौतुक आहे. तुझ्या आजोबांचा धाकटा भाऊ मी, मला नाही तर कोणाला असणार? म्हणूनच सांगतो. दोघं जरा आत सरकून बसा, खाडीवरून वारा यायला लागलाय. ठाण्याच्या पोरांना मालवणी अर्धीच कळते, तेव्हा मी तुमच्या भाषेत बोलतो. बाकीची माणसं जशी बोलली तशी बोलतील.

तेजस्वी तिचं नाव. कणकवलीची. तिचे वडील आणि मी एसटीच्या एकाच डेपोत ड्रायव्हर होतो. मला ती दाजी म्हणायची. ती कोल्हापूरला आर्किटेक्चर शिकायला गेली आणि सुट्टीत इकडे आली की मला तिच्या कॉलेजातल्या गमती सांगायची. पहिल्या वर्षी त्यांना बसथांबा काढायला दिला होता. हिने असा सुंदर काढला, की मी बघून म्हटलं, बाय, पावसात ड्रायव्हरला ह्यात उभी माणसं दिसायची कशी? हसली आणि रात्रभर बसून तो बदलला. दुसऱ्या वर्षी मच्छीमार कुटुंबाचं घर. त्यात जाळी ठेवायला जागाच नव्हती, सरांनी परत पाठवलं. मग शाळा काढली. हुशार होती, आणि चूक दाखवली तर राग मानायची नाही.

शेवटच्या वर्षी जागा आपली आपण निवडायची आणि अख्खा प्रकल्प एकट्याने उभा करायचा असतो. तिने ही धर्मशाळा घेतली. पूल झाला नव्हता तेव्हा माणसं तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडायची, उशीर झाला की ह्या धर्मशाळेत निजायची. पूल झाला आणि ती बंद पडली. तेजस्वीच्या डोक्यात होतं, की इथे पुन्हा माणसं यावीत, बसावीत, होड्या लागाव्यात. त्यासाठी आधी आहे ते सगळं मोजून कागदावर उतरवायचं. माप एकट्याला घेता येत नाही, म्हणून वर्गातला मित्र घेऊन आली. अनिश. वैभववाडीचा. हसतमुख पोर, उंचापुरा. दोघं इथेच, ह्याच पडवीत चहा प्यायची आणि टेप घेऊन निघायची. कापडी टेप असतो ना लांब, त्याच्या टोकाला कडी असते. एकाने कडी धरायची, दुसऱ्याने डबा धरून आकडा वाचायचा. अनिश टोकाला जाऊन ओरडायचा, "धरलंय गो, वाच!" ती आकडा वाचायची. मला इथे घरात ऐकू यायचं.

होळीच्या आधीचे दिवस होते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या शेवटी ठेवल्या होत्या, कारण खालच्या पायऱ्या फक्त मोठ्या ओहोटीला उघड्या पडतात. त्या दिवशी अनिश गेला.

तेजस्वीने पोलिसांना सांगितलं, मी धर्मशाळेत आत खिडक्या मोजत होते. तो एकटाच खाली उतरला असणार. शेवाळ होतं. मी बाहेर आले तर तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवबागच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, सापडला. त्याची आई आली होती, किशोरी नाव तिचं. नवरा आधीच गेलेला, हा एकुलता एक. ती रडलीसुद्धा नाही. तेजस्वीला जवळ घेऊन बसली होती, उलट हिचीच पाठ थोपटत होती.

प्रकल्प तेजस्वीने पुरा केला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'अनिशच्या स्मृतीस'. परीक्षकांनी फार नावाजलं म्हणतात. मग कोल्हापूरला एका ऑफिसात लागली. तिथे दोन वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढले. सगळ्यांचं तसंच सुरू होतं म्हणे. आणि मग सुदेश म्हणून एकाने ती धर्मशाळा आणि शेजारची जागा घेतली. त्याला तिथे हॉटेल करायचं होतं, पुढे पाण्यावर लाकडी मचाण. त्याने कुठेतरी तेजस्वीचा प्रकल्प बघितला आणि फोन केला. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. तिच्या वडिलांनी मला फोनवर दोनदा सांगितलं, इतका त्यांना आनंद.

ती मात्र यायला लागली ती उतरलेल्या चेहऱ्याने. मला वाटलं, मित्राची आठवण येत असेल. काम अडलं ते एका मापावर. मचाणाचे खांब कुठे उभे करायचे ते खालच्या पायरीवर ठरणार, आणि ते माप कधी घेतलंच गेलं नव्हतं. तिने अंदाजाने आकडा घातला होता. कंत्राटदार म्हणाला, अंदाजावर मी खांब ठोकत नाही. ती आज घेते, उद्या घेते करत राहिली.

शेवटी आली ती कार्तिकातल्या अवसेला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. अवसेची ओहोटी मोठी, आणि ती नेमकी दिवस मावळताना. सुदेशचा माणूस धोंडू टेप धरायला येणार होता, तो सणाला घरी निघून गेलेला. मी म्हटलं, "मी धरतंय खाली जावन."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही खाली उतरायचं नाही. कोणीच उतरायचं नाही."

तिने टेपच्या कडीला दोरीने दगड बांधला आणि वरच्या पायरीवर उभी राहून टेप सोडत गेली. दगड पायऱ्यांवरून टकटक करत खाली गेला आणि पाण्याच्या कडेला थांबला. अंधार दाटत होता. आकडा दिसेना. मी म्हटलं, थांब, गाडीतून बॅटरी आणतो. माझी व्हॅन रस्त्यावर उभी होती. लांब नाही, त्या माडापर्यंत.

बॅटरी घेऊन परत येताना मला तिचा आवाज ऐकू आला.

"हो," ती म्हणत होती. "वाचते."

मला वाटलं, कोणी होडीवाला आला असेल. जवळ गेलो. कोणी नव्हतं.

ती पाठमोरी उभी. दोन्ही हातांत टेपचा डबा. आणि टेप… टेप पायऱ्यांवर पडलेला नव्हता. तिच्या हातापासून खाली पाण्यापर्यंत सरळ ताणलेला होता. हवेत. कपडे वाळत घालायची दोरी असते तसा.

"तेजस्वी."

तिने मागे बघितलं नाही. "वाचते," पुन्हा म्हणाली. "दिसत नाहीय… थांब जरा."

मी बॅटरी खाली मारली. खालच्या पायऱ्या ओल्या, काळ्या. पाणी समुद्राकडे ओढत होतं, आवाज न करता. टेप पाण्यात शिरत होता. त्याच्यापुढे काही दिसेना.

मी म्हटलं, दगड कुठे अडकला असेल. म्हणून हात पुढे केला आणि टेप धरला.

अडकलेली वस्तू ओढ देते ती सारखी असते. ही तशी नव्हती. जरा सैल… परत घट्ट. जरा सैल… परत घट्ट. समोरचा माणूस हात बदलतो ना, तशी.

मी आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, हाताला काय लागतं ते मला कळतं.

"दाजी," ती हळूच म्हणाली, "सोडू नका."

मी सोडला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. ओढ वाढली. ती एक पायरी खाली गेली. मी तिला मागून धरलं. आणखी एक पायरी. पायाखाली शेवाळ. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती खाली बघत होती.

"मी सांगते," ती म्हणाली. माझ्याशी नाही. "आजच सांगते. तुझ्या आईला सांगते."

…

टेप एकदम सैल झाला. आम्ही दोघं मागे पडलो.

तिने तो गुंडाळला. टोकाची कडी वर आली. दगड नव्हता. गाठ सुटलेली नव्हती, दोरी तशीच बांधलेली, वळशासकट. आतला दगड तेवढा नव्हता.

"मला वैभववाडीला नेता?" तिने विचारलं.

मी का म्हणून विचारलं नाही. कणकवली गेली, हायवेला नांदगाव गेलं. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी खाडीचा वास येत होता. मी मनात म्हटलं, टेप ओला आहे, त्याचा असेल. टेप तिच्या मांडीवर होता, पुढे. वास मागच्या सीटवरून येत होता.

मी आरशात बघितलं नाही.

किशोरीचं घर गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला. ती जागी होती. पडवीतला दिवा लावून बाहेर आली आणि तेजस्वीला बघून तिचा चेहरा उजळला.

"ये गो बाय. अवशेच्या राती खंय इलंस? जेवलंस मां?" मला म्हणाली, "तुमी बसा, पाणी हाडतंय."

आम्ही पडवीत बाकावर बसलो. तिने पाणी आणलं, समोर जमिनीवर टेकली. तेजस्वीने पाणी हातात घेतलं, प्यायली नाही.

"काकी, मी खिडक्या मोजत नव्हते," ती म्हणाली.

किशोरीला कळलं नाही. "कसल्यो खिडक्यो?"

"त्या दिवशी. मी आत नव्हते. वरच्या पायरीवर होते. टेपचा डबा माझ्या हातात होता आणि टोक त्याच्या. तो घसरला. ओहोटीने ओढला. त्याने कडी सोडली नव्हती, टेप धरून होता. मीपण धरून होते. मग मी घसरायला लागले. मला पोहता येत नाही, काकी."

तेजस्वीने मान खाली घातली.

"मी सोडला."

रातकिडे ओरडत होते. मला उठून जावंसं वाटलं, पण हलता येईना.

"पलीकडच्या काठाला गुरुदास होडीवाला होता," तेजस्वी म्हणाली. "हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी आत जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग बाहेर येऊन ओरडले."

किशोरीने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. पुन्हा गुंडाळला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं.

"तेनी काय हाक मारल्यान?"

तेजस्वी तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

"बुडताना काय म्हणालो तो? सांग माका."

तिने नकाराची मान हलवली.

"सांग."

"म्हणाला, सोडू नको."

किशोरी जमिनीला हात टेकून उठली. तेजस्वीच्या हातातला पाण्याचा तांब्या तिने काढून घेतला, पडवीच्या कडेला जाऊन ते पाणी बाहेर ओतलं, आणि आत निघून गेली. दार उघडंच होतं. आत दिवा नव्हता.

आम्ही थांबलो. ती येईल असं मला वाटत होतं. ती आली नाही.

पुढे तेजस्वीने पोलिसांतही जाऊन सांगितलं. कागद झाले, बाकी काही झालं नाही. सुदेशचं काम तिने सोडलं. ऑफिसही सोडलं. हल्ली कणकवलीला वडिलांकडे असते, कोणाशी बोलत नाही. किशोरीने तिला पुन्हा घरात घेतलं नाही. दर वर्षी जाते म्हणतात, घरासमोरच्या खळ्यात, अंगणात उभी राहते आणि परत येते. सुदेशनेही तिथे पुढे काही बांधलं नाही, म्हणून धर्मशाळा आहे तशी आहे.

पण त्या रात्रीचं एक राहिलं.

निघताना मी पायात चपला घालायला वाकलो. घराचा उंबरा माझ्या डोळ्यांसमोर. पडवीतल्या दिव्याचा उजेड तिथवर जेमतेम पोचत होता. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी हललं.

लहानशी कुर्ली होती, खेकडाच तो. एक नांगी मोठी असते ती, खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारी. खाऱ्या पाण्याशिवाय ती जगत नाही. आणि ते घर घाटाच्या पायथ्याशी, समुद्र किती तरी मागे राहिलेला.

जिवंत होती. अंगाला काळा चिखल, ओला.

मी तेजस्वीला दाखवली नाही. कोणालाच दाखवली नाही. ती नांगी वर करून थोडा वेळ थांबली… मग तिरकी तिरकी चालत, अनिशची आई जिथे गेली होती त्या अंधारात आत गेली.